फुंकरीच्या आकड्याचं कूळ

धुळे-सोलापूर महामार्गावरची मांजरसुंब्याची चौफुली ऊसतोड टोळ्यांच्या मुलखातली. टोळीतल्या कित्येक बायका बिडीला हात लावत नाहीत, तरी चाळिशीतच त्यांना धाप लागते. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी संशोधक पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडलं : धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. हा आजार ओळखायचा तो फुंकून करायच्या तपासणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने.

तिचं मूळ १८४६ च्या लंडनमध्ये. जॉन हचिन्सन या डॉक्टरने पाण्यात उपडी घंटा तरंगत ठेवली. नळीतून फुंकलं की ती वर उचलली जाई. खलाशी, पोलीस, अग्निशामक अशा दोन हजारांहून अधिक लोकांना त्याने फुंकायला लावलं. उंची इंचभर वाढली की हवा सुमारे १३० मिलिलिटरने वाढते, असं त्याला आढळलं. आजही रिपोर्टवर उंची लिहितात ती यासाठी.

हवा किती, हे कळलं. किती वेगाने, हे फ्रान्सच्या रोबेर तिफनोने १९४७ मध्ये मोजलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-१. पूर्ण फुंकर म्हणजे एफव्हीसी. रिपोर्टमध्ये आधी या दोहोंचं गुणोत्तर बघावं. दोन लिटरपैकी पहिल्या सेकंदात १.२ लिटरच निघाली, तर ते ६० टक्के. श्वासनलिका रुंदावणारं औषध ओढूनही ते ७० च्या खाली राहिलं, तर श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत. औषधाने १.२ चे १.५ झाले, तर दम्याचा संशय बळावतो. जेमतेम हलले, तर सीओपीडीचा. गुणोत्तर चांगलं पण एफव्हीसी कमी असेल, तर फुप्फुसं आक्रसली असावीत. त्याची खातरजमा वेगळ्या तपासणीने होते.

निरोगी माणसाची फुंकर किती असावी, हे सांगणाऱ्या रिपोर्टमधल्या ‘अपेक्षित’ या रकान्याचा इतिहास मात्र क्लेशदायक आहे. १८५१ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइटने याच यंत्राचे आकडे गुलामगिरीच्या समर्थनाला जुंपले. युरोपीय माणसांचे आकडे भारतीयांना लावले, तर निरोगी माणूसही आजारी ठरू शकतो. म्हणून डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा निरोगी भारतीयांच्या फुप्फुसांवरचा १९८७ चा अभ्यास मोलाचा.

तेव्हा ‘अपेक्षित’च्या तुलनेतली टक्केवारी कोणत्या लोकांच्या आकड्यांशी ताडली, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. आणि रिपोर्ट जपून ठेवावा : पुढच्या वर्षी आपली फुंकर किती घटली, हे आपलाच जुना आकडा सर्वांत खरं सांगतो.