पिट बुल : एका कुत्र्याची अब्रू

आमची एक पुतणी अमेरिकेत डेन्व्हरला असते. तिने पिट बुल पाळलाय हे कळल्यापासून घरच्या मंडळींत दोन तट पडले आहेत. तरुण मंडळी फोटो बघून 'किती गोड' म्हणतात, तर थोरली मंडळी लखनौची बातमी पुढे करतात. मी पडलो इतिहासाचा मास्तर. कुठल्याही भांडणात आधी मागे जाऊन बघायची खोड. गेले काही दिवस जे वाचलं ते इथे लिहून ठेवतो.

पिट म्हणजे आखाड्याचा खड्डा आणि बुल म्हणजे बैल. नावातच पूर्वेतिहास आला. इंग्लंडात एके काळी बैल खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडत आणि भोवती उभं राहून पैजा लावत. ही राजरोस करमणूक होती. १८३५ साली पार्लमेंटने कायदा करून ती बंद केली. मग शौकिनांनी काय केलं, तर बैल सोडला आणि कुत्र्यासमोर कुत्राच उभा केला. बेकायदा तेही होतंच, पण बैल लपवता येत नाही, कुत्र्यांची झुंज गुत्त्याच्या तळघरातही लावता येते! बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र करून जे कुत्रे निपजले, ते पुढे स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेले. प्रतिष्ठित अमेरिकन केनेल क्लब त्यांना दारात उभं करत नव्हता, म्हणून १८९८ साली चॉन्सी बेनेट या गृहस्थाने युनायटेड केनेल क्लब काढून त्यांची नोंद सुरू केली. १९३६ साली त्या मोठ्या क्लबानेही त्यांना घेतलं, पण 'स्टॅफर्डशायर टेरियर' असं घरंदाज नाव देऊन. (नाव बदललं की कूळ बदलतं, हे आपल्याला काही नवीन नाही.)

गंमत अशी की, सामान्य अमेरिकन माणसाला या कुत्र्याचं तेव्हा कौतुकच होतं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१५ साली, एक चित्र निघालं. त्यात एकेका देशासाठी एकेक कुत्रा काढलाय आणि मधोमध अमेरिका म्हणून ऐटीत बसलाय तो पिट बुल. फ्रान्सच्या आघाडीवर गेलेला 'स्टबी' हा कुत्रा तर परत आल्यावर मिरवणुकांत पुढे चालायचा, राष्ट्राध्यक्षांना भेटायचा. (त्याची जात नक्की कुठली यावर वाद आहे, पण पिट बुलवाले त्याला आपला मानतात.) मुलांच्या 'अवर गँग' या चित्रपटमालिकेतला, डोळ्याभोवती वर्तुळ असलेला पीट हाही त्याच गोतावळ्यातला.

इथे एक सांगितलं पाहिजे. जुन्या काळी याला 'मुलं सांभाळणारा दाई कुत्रा' म्हणत, अशी एक गोष्ट फार फिरते. तिला जुना आधार नाही. झुंजी त्या काळातही चालूच होत्या. लोकांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं, इतकंच. पिढ्यान् पिढ्या झुंजीसाठी निवडून वाढवलेल्या प्राण्याच्या अंगात त्याचा काहीच अंश उरत नाही, असं म्हणणं मला तरी पटत नाही.

मग वारं फिरलं कधी? १९७६ साली केंद्र सरकारनेही झुंजींविरुद्ध कायदा केला. त्या सुमारास वर्तमानपत्रांत झुंजींची वर्णनं यायला लागली. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की ज्यांना दरारा बसवणारा कुत्रा हवा होता, त्यांना नेमका पत्ता मिळाला. ऐंशीच्या दशकात शहरांतली गुन्हेगारी आणि अमली पदार्थ यांच्या बातम्यांमध्ये हा कुत्रा दिसायला लागला, आणि गरीब, बहुतेकदा काळ्या वस्त्यांशी त्याचं नाव जोडलं गेलं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की काय होतं, ते आपण मराठी माणसांनी कुणाला सांगायला नको. जुलै १९८७ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावर दात विचकलेला पिट बुल छापला, या कुत्र्यापासून सावध राहा अशा मथळ्यासकट.

अशी पाळी इतरांवरही येऊन गेली होती, बरं का. १९२९ साली ऑस्ट्रेलियाने अल्सेशियन आणायलाच बंदी घातली, ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. आज तोच कुत्रा पोलिसांच्या गाडीत रुबाबात बसतो.

डेन्व्हरने १९८९ साली बंदी घातली. ती उगीच नव्हती. १९८६ साली तिथे एक तीन वर्षांचं मूल गेलं होतं, आणि १९८९ मध्ये एका धर्मोपदेशकाला कुत्र्याने फाडलं होतं. त्या मुलाच्या आईबापांपुढे जातींची चर्चा कोण करणार? पण बंदीनंतर पुढची तीस वर्षं सुक्याबरोबर ओलंही जळालं. कुणाला कधीही न चावलेले कुत्रे केवळ जबड्याच्या ठेवणीवरून घरातून उचलले गेले आणि कित्येक मारले गेले.

दुसरं वळण २००७ चं. अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू मायकल व्हिक याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर छापा पडला आणि झुंजीचे पन्नासेक कुत्रे सापडले. तोवर रिवाज असा, की सुटलेले कुत्रे म्हणजे पुरावा, आणि खटला संपला की सुई. काही मोठ्या प्राणिमित्र संस्थांचंही तेच मत होतं! या वेळी मात्र कोर्टाने एकेक कुत्रा तपासून घेतला, आणि त्यांच्या पालनपोषणाचे नऊ लाखांवर डॉलर्स व्हिककडून वसूल केले. बहुतेक सगळे कुत्रे वाचले. काही तर रुग्णांना सोबत करायला जाऊ लागले. डिसेंबर २००८ मध्ये त्यांच्यातल्या जास्मिन नावाच्या कुत्रीचा फोटो मुखपृष्ठावर आला. कुणाच्या? त्याच 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या! इतिहासात असा उलटा कौल एकवीस वर्षांत क्वचित मिळतो. कुत्रा तोच होता. पहिल्या चित्रात त्याच्या मागे गुंड उभा आहे असं वाचकाने धरलं, दुसऱ्यात तो स्वतःच गुंडाच्या तावडीतून सुटलेला होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्व्हरच्या मतदारांनी बंदी उठवून परवाना पद्धत आणली. ब्रिटनमध्ये मात्र १९९१ पासून पिट बुलवर बंदी आहेच, आणि २०२३ च्या अखेरीस त्याच्या 'एक्सएल बुली' या धिप्पाड भाईबंदालाही त्यांनी यादीत घातलं. म्हणजे वारं सगळीकडे एकाच दिशेने वाहत नाही.

आता लखनौ. जुलै २०२२ मध्ये तिथे ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेला घरच्याच पिट बुलने मारलं. माझ्याच पेशातली बाई, माझ्याहून थोडी मोठी. ही बातमी माझ्या मनातून जात नाही, आणि वरचं सगळं वाचूनही जाणार नाही. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं. पण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच हे केलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक पुढच्याच महिन्यात रद्द केलं. मग मे महिन्यात सरकारने लोकांकडून हरकती मागवल्या. त्या यादीत पिट बुलबरोबर कांगल, बोअरबोल अशी नावं होती. आपल्याकडे ती नावं किती जणांनी ऐकली असतील, कोण जाणे!