अंतराळाचा सपाट नकाशा

फांसे टाकून आणि आपापल्या पात्राची भूमिका वठवून खेळावयाचे कांहीं खेळ पाश्चात्य देशांत रूढ आहेत. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं जमतात. एकजण सूत्रधार होतो व बाकीचे त्यानें वर्णिलेल्या जगांत वावरतात. हें जग अंतराळांतील असेल, तर तें शास्त्राच्या कसोटीला उतरावें कीं खेळणारांच्या आवडीला, हा वाद तेथें नेहमीं रंगतो.

इ. स. १९७७ मध्यें अमेरिकेंतील 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' या संस्थेनें मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ तीन लहान काळ्या पुस्तिकांत प्रसिद्ध केला. त्यांतील यान एका उडींत एक ते सहा पार्सेक, म्हणजे सुमारें ३.२६ ते १९.६ प्रकाशवर्षें जातें. आणि उडी लहान असो वा मोठी, वेळ एक आठवडाच! प्रकाशाहून जलद जाणें पदार्थविज्ञानास मान्य नाहीं. मग हा आठवडा कोठून आला? शिडाच्या जहाजांच्या काळाची हौस, हेंच माझ्या मतें त्याचें उत्तर. या जगांत यानापुढें धांवणारा बिनतारी संदेश नाहीं. राजधानीची आज्ञा सरहद्दीवर पोंचावयास महिनेच्या महिने लागतात, आणि म्हणून तेथील कारभार सरदारांच्या हातीं राहतो. थाप एकच, पण तिचे परिणाम किती चोख सांभाळले आहेत! नकाशा मात्र षट्कोनी घरांचा, अगदीं सपाट. आकाशाला खोली आहे हें शाळकरी पोरहि जाणतें. परंतु कागदाला ती नाहीं, त्याला काय करावें?

पुढें १९८६ मध्यें त्याच संस्थेनें 'ट्रॅव्हलर : २३००' काढला. त्यांत जर्मन ज्योतिर्विद विल्हेल्म ग्लीझे यांच्या सूचीतील खरे तारे तिन्ही परिमाणांत मांडले होते. दोन ताऱ्यांतील अंतर हवें असल्यास तीन फरकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावें! पायथागोरस असा उपयोगी पडलेला पाहून आम्हां मास्तरांना आनंदच. पण मौजेसाठीं जमलेल्यांपैकीं कितीजणांना तो होईल? शिवाय यांतील यान ७.७ प्रकाशवर्षांपलीकडे एका दमांत जात नाहीं. ही मर्यादा निसर्गानें घातलेली नाहीं, खेळाच्या कर्त्यांनीं घातलेली आहे. तिच्यामुळें वसाहतींच्या लांब शाखा पडतात व राष्ट्रांत चुरस लागते. तारे खरे, पण त्यांमधील वाटा आवडीच्याच.

ती संस्था १९९६ मध्यें बंद पडली. दोन्ही खेळ पुढें इतरांनीं चालविले; 'ट्रॅव्हलर'चा नकाशा आजहि सपाटच छापला जातो.