दात, धूर आणि बॅटरी

छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. जनावरांच्या बाजारात बैल घेणारा आधी त्याचे तोंड उघडून दात बघतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. या पाच शब्दांत बैलाचे वय ठरते आणि वयावरून किंमत. मग रुमालाखाली बोटांनी सौदा होतो. याच बाजाराच्या कडेला जुन्या मालवाहू गाड्यांचेही व्यवहार तोंडी ठरताना मी पाहत आलो आहे. तिथे गिऱ्हाईक गाडी सुरू करायला लावतो, मागे जाऊन धूर बघतो. पांढरा, काळा की निळा? निळा असेल तर इंजिन ऑइल खाते, म्हणजे रिंग-पिस्टनचे काम निघणार. हा धूर म्हणजे गाडीचे दातच.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळताना आणि सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्यांकडून जुनी आरसी बुके, हप्त्यांच्या पावत्या, गॅरेजच्या वह्या गोळा करताना या विषयाची गोडी लागली. वाहनाचा इतिहास आपल्याकडे कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. मला तो घेणाऱ्याच्या बाजूने बघायचा होता : गरीब माणूस मालवाहू वाहनाचा मालक कसा होतो, आणि कशामुळे मालक राहतो?

सुरुवात बैलापासूनच करायला हवी. आपली छावणी ही हैदराबाद कन्टिन्जन्टची, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. जून १८५७ मध्ये येथील घोडदळात उठाव झाला. घोडदळ म्हटले की चारा-दाणा आला आणि सामान म्हटले की बैल आले. फौज आणि बाजार ही जोडी कुठल्याही छावणीत सुटत नाही. १९०० साली मनमाडकडून रेल्वे आली, तरी स्टेशनपासून दुकानापर्यंतचा माल बैलगाडीच ओढत राहिली.

तिला पहिला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो जर्मन नावाचा. १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने हॅम्बुर्गमधील हारबुर्ग येथील व्हिडाल अँड सोन यांच्या सहकार्याने तीनचाकी ‘टेम्पो हॅन्सिअॅट’ भारतात बनवायला घेतली. पुढे एकच चाक, इंजिन त्याच्यावर आणि ओढही त्याच चाकाला. नाव इतके रुजले की मराठीत आज कुठलीही लहान मालगाडी ‘टेम्पो’ असते. २००५ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, तरी भाषेने जुने नाव सोडले नाही.

माझ्या मामांनी असाच एक तीनचाकी टेम्पो सेकंडहँड घेतला होता. मामा सातवी शिकलेले. पण कार्बोरेटर साफ करणे, प्लग बदलणे, हेड उतरवणे त्यांना येत होते. भाडे नसेल त्या दिवशी ते नगर नाक्याजवळच्या गॅरेजात बसत. मिस्त्रीला मदत करत आणि त्याच्याकडून शिकत. पुढे त्यांनी तो टेम्पो विकला, आलेल्या पैशांत थोडी भर घातली आणि त्याहून बरी गाडी घेतली. त्यांच्या वहीत या तीन गोष्टी स्वच्छ दिसतात : घेण्याची किंमत, दुरुस्तीचा खर्च, विकल्यावर आलेले पैसे. मालकी या तीन पायांवर उभी असते, असे मला ती वही वाचताना वाटले.

पुढच्या काळात हे तिन्ही पाय आपल्या शहरातच भक्कम झाले. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन झाले. तिथून रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी निघू लागल्या. ग्रीव्ह्ज कॉटनची एक सिलिंडरची डिझेल इंजिने याच शहराच्या औद्योगिक वसाहतींत तयार होऊन बारामतीच्या ‘आपे’त बसू लागली. मे २००५ मध्ये टाटांचा ‘एस’ आला आणि लोकांनी त्याला ‘छोटा हत्ती’ करून टाकले. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, साधे यांत्रिक डिझेल इंजिन. तो घेणाऱ्यांत असंख्य माणसे आयुष्यात पहिल्यांदाच चारचाकीचे मालक झाली.

तिसरा पाय मोडला तर काय होते, हे याच बाजाराने पाहिले आहे. महाराष्ट्राच्या प्राणी संरक्षण (सुधारणा) विधेयकाला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद इथे करायचा नाही. हिशेब एवढाच की, थकलेला बैल विकून नव्या खोंडाच्या किमतीत भर घालायची, ही शेतकऱ्याची जुनी रीत अडली. बैल तोच, कामही तेच. पण म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही आणि तरुण बैल घेणेही जड झाले.

आता वीज आली आहे. मे २०२२ मध्ये छोट्या हत्तीची विजेवरची आवृत्ती जाहीर झाली, २१.३ किलोवॅट-तासांच्या बॅटरीची. २०२३ मध्ये बजाजची विजेवरची मालवाहू तीनचाकी आली. बिडकीनला अॅथर, टोयोटा किर्लोस्कर आणि जेएसडब्ल्यू यांनी मोठ्या प्रकल्पांची घोषणा केली आहे. या गाड्यांचा चालवण्याचा खर्च डिझेलपेक्षा खूपच कमी. ना ऑइल, ना क्लच, ना नोझल. धूर तर नाहीच. मामांची छाती आयुष्यभर त्या धुराने भरलेली होती, म्हणून याचे मोल मी कमी लेखत नाही.

मिस्त्रीचे ज्ञान विजेने हिरावले, असेही म्हणता येणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झाले, तेव्हाच लहान डिझेल गाडीत सेन्सर आणि संगणक शिरले होते आणि पान्हा-पक्कड हतबल झाली होती.

खरा प्रश्न तिसऱ्या पायाचा आहे. विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. ती किती थकली हे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. ज्याचे दात मोजता येत नाहीत, त्याची किंमत बाजार भीतभीतच करतो. विजेवरचा ‘एस’ जाहीर झाला तेव्हा ३९,००० गाड्यांचे सामंजस्य करार झाले, ते अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट यांसारख्या कंपन्यांशी आणि वाहनताफे चालवणाऱ्यांशी. २००५ चा पहिला गिऱ्हाईक बहुतेकदा स्वतः स्टिअरिंगवर बसत होता. २०२२ चा पहिला गिऱ्हाईक दफ्तरात बसलेला होता. ताफेवाल्याला बॅटरीची जोखीम शंभर गाड्यांवर वाटता येते. एका गाडीच्या मालकाला ती एकट्याने उचलावी लागते.

यावर उपाय अवघड नाही. बॅटरीची उरलेली ताकद सांगणारा, कुणालाही वाचता येईल असा दाखला प्रत्येक गाडीला, आरसी बुकासारखा, सक्तीने मिळाला पाहिजे. आणि तो तपासण्याचे यंत्र कंपनीच्या शोरूमपुरते न राहता नाक्यावरच्या गॅरेजातही असायला हवे.

गेल्या उन्हाळ्यात बाजारात एकाने आपली विजेवरची तीनचाकी विकायला लावली होती. गाडी चकचकीत. चारपाच जण आले, टायर दाबून गेले. एका म्हाताऱ्याने सवयीने मागे जाऊन वाकून पाहिले. तिथे नळीच नव्हती. तो हसला आणि मालकाला म्हणाला, “बाबा, हिचं वय कुठं बघायचं?” मालकाला सांगता आले नाही. संध्याकाळी तो गाडी घेऊन परत गेला.