पाच वाक्यांचे पत्र

१/ इतिहास केवळ तहांनी आणि लढायांनी घडत नाही. कधीकधी पाच वाक्यांचे एक पत्रही तो घडवते. आजचा धागा अशाच एका पत्राचा, आणि रुग्णाच्या उशाशी उभ्या असणाऱ्या परिचारिकांचा.

२/ १० जानेवारी १९८०. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पत्र छापून आले. अफूवर्गीय औषधे मिळालेले रुग्ण ११,८८२. त्यांपैकी पूर्वी व्यसन नसताना ते जडल्याची बऱ्यापैकी खात्रीलायक नोंद अवघ्या ४ जणांची.

३/ आकडे खोटे नव्हते. परंतु हे सारे रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले होते. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात एक अक्षरही नव्हते.

४/ त्या काळाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. व्यसनाच्या भीतीने कर्करोगाच्या रुग्णांनाही पुरेसे वेदनाशामक मिळत नसे. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकी परिचारिकेने १९६८ मध्येच बजावले होते की, वेदनेबाबत रुग्णाचा शब्द प्रमाण मानावा. पुढे नाडी, श्वसन, तापमान व रक्तदाब यांच्या जोडीला वेदना हे 'पाचवे जीवनचिन्ह' ठरले. हेतू करुणेचा होता.

५/ १९९६ मध्ये 'ऑक्सिकॉन्टिन' बाजारात आले. व्यसनाचा धोका नगण्य, असा प्रचार झाला. २००७ मध्ये पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने या औषधाविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला.

६/ अतिमात्रेने मृत्यू येतो तो श्वासाच्या वाटेने. हे औषध मेंदूतील श्वसनकेंद्राला मंदावते; रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला तरी श्वास घेण्याची ओढ जागत नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, हरपलेली शुद्ध आणि मंद श्वास: ही त्रयी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असावी लागते.

७/ उतारा जुनाच आहे. नॅलोक्झोनच्या पेटंटचा अर्ज १९६१ चा, अमेरिकेतील मान्यता १९७१ ची. मात्र त्याचा प्रभाव अनेकदा मूळ औषधाच्या आधी ओसरतो. म्हणून रुग्णाने डोळे उघडले तरी परिचारिकेने खाट सोडायची नसते.

८/ २०१७ मध्ये संशोधकांनी त्या पत्राचा मागोवा घेतला. त्याचा हवाला देणारे लेख ६०८. त्यांपैकी ४३९ लेखांनी ते 'व्यसन दुर्मीळ' याचा पुरावा म्हणून वापरले. ४९१ लेखांनी रुग्ण रुग्णालयातील होते हे सांगितलेच नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने सुमारे ४७,६०० माणसे दगावली.

९/ पाचवे चिन्ह जोडताना दुसऱ्याचा, म्हणजे श्वसनाचा, विसर पडला. वेदना विचारावी आणि श्वासही मोजावा, असे दोन्ही धडे आज एकत्र शिकवावे लागतात.

१०/ मूळ पत्र एका मिनिटात वाचून होते. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे व्रत पाळावे: हवाला देण्यापूर्वी मूळ कागद वाचावा.