वंशावळ आणि बिरुद : मुधोळच्या कुत्र्यांच्या निमित्ताने

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी हे गाव आहे. याच तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजारही. तेथे घोडा विकणारा जे बोलतो त्याचे दोन भाग पडतात. घोडा पंचकल्याणी आहे, देवमण कोठे आहे, भोवरे शुभ की अशुभ, हा पहिला भाग. तो समोरच्या जनावराकडे बोट दाखवून सांगता येतो आणि गिऱ्हाइकाला जागच्या जागी पडताळता येतो. दुसरा भाग घोड्याच्या बापाचा, आजोबाचा आणि त्यांनी कोठे नाव मिळवले याचा. ती माणसे (म्हणजे ते घोडे) समोर नसतात, आणि किमतीतील शून्ये बहुधा याच दुसऱ्या भागामुळे वाढतात.

जातिवंत कुत्र्याचे पिल्लू घेणाऱ्याच्या हाती आज जो छापील कागद ठेवला जातो तो या दुसऱ्या भागाचाच दप्तरी अवतार होय. त्याला इंग्रजीत ‘पेडिग्री’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘क्रौंचाचा पाय’ असा आहे. वंशवृक्षात एका नावाखाली तीन रेघा फुटतात, त्या लेखकांना पक्ष्याच्या पावलासारख्या दिसल्या. मराठीने वंशाला ओळ म्हटले, इंग्रजीने पाऊल. दोन्ही रूपके लेखणीची आहेत, रक्ताची नाहीत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

या लेखणीचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांचे वंशपुस्तक 1791 मध्ये निघाले. लंडनचा केनेल क्लब 1873 चा, आणि त्याचे पहिले वंशपुस्तक त्याच्या पुढच्या वर्षीचे. त्यापूर्वीही चांगली कुत्री होती. परंतु ती शिकारीच्या कसावर चांगली ठरत, कागदावर नव्हे. क्लबाने जात म्हणजे काय हे प्रथम लिहून काढले, मग त्या लिखिताप्रमाणे कुत्री घडविली गेली. संहिता आधी आणि प्रत्यक्ष नंतर, असा हा उलटा प्रवास आहे.

आपल्याकडील याचे सर्वांत बोलके उदाहरण मुधोळचे. मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. संस्थान मात्र मराठी घोरपड्यांचे. त्या मुलखात बेडर शिकाऱ्यांजवळ सडपातळ, लांब पायांची, ससा धावून पकडणारी कुत्री होती. सांगली-सोलापूरकडचे लोक त्यांना कारवानी म्हणतात, आणि केसाळ प्रकाराला पश्मी. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगराणीने पैदास केली आणि पंचम जॉर्ज बादशहांना एक जोडी भेट दिली. तेथून ‘हाउंड्स ऑफ मुधोळ’ हे नाव रूढ झाले. शिकाऱ्याच्या झोपडीतले कुत्रे राजाचे झाले, राजाकडून बादशहाकडे गेले आणि परतताना नाव घेऊन आले. पुढे नोंदणी करणाऱ्या संस्थांनी घोळ वाढविला. केनेल क्लब ऑफ इंडियाने त्याला कारवान हाउंड म्हणून मान्यता दिली, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबाने मुधोळ हाउंड म्हणून. कुत्रे एकच, कागद दोन. 2005 मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हे नाव आले. एकीत माणदेशी वाटसरूंचा तांडा आहे, दुसरीत संस्थानिकाची राजधानी; नावाच्या निवडीतच मालकीचा दावा दडलेला असतो.

यातील खरा उपरोध याच घराण्याच्या स्वतःच्या वंशावळीत आहे. मुधोळकर घोरपड्यांनी आपले मूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडले, आणि त्यासाठी बहमनी काळापासूनची फारसी फर्माने पुढे आली. ती अस्सल की बनावट यावर विसाव्या शतकात इतिहासकारांचा मोठा वाद झाला. वाद केवळ घोरपड्यांचा नव्हता. भोसल्यांच्या मूळपुरुषाचा प्रश्न त्यात गुंतलेला होता. कागदाची तारीख, लिपी, शिक्का, उल्लेखिलेली माणसे त्या साली हयात होती का, अशा अंगांनी ती तपासली गेली. मराठी इतिहासलेखनाने वंशावळीकडे संशयाने पाहायला शिकविले ते अशाच वादांतून. वतनाच्या तंट्यातले करीने आणि महजर वाचणाऱ्याला हे ठाऊक असते, की पिढ्यांची यादी जितकी लांब आणि निर्वेध, तितके ती कोणी, कधी आणि कोणत्या भांडणात लिहिली हे विचारणे अगत्याचे. शहाण्णव कुळींच्या याद्यांचेच पाहा ना. दोन याद्या एकमेकींशी जुळतील तर शपथ.

हीच शिस्त पिल्लाच्या कागदाला लावली तर काय दिसते? पहिली गोष्ट, नोंदणी म्हणजे गुणवत्ता नव्हे. आईबाप नोंदलेले होते एवढेच ती सांगते, आणि तेही मुख्यतः पैदासकाराच्या निवेदनावरून. महजरावर साक्षीदारांच्या निशाण्या असत. येथे साक्षीदाराचे काम कातडीखाली बसविलेली मायक्रोचिप करते. तिचा क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर तो कागद दुसऱ्याच कुणा कुत्र्याचे चरित्र समजावे.

दुसरी गोष्ट बिरुदांची. नावाआधी ‘चॅम्पियन’चे लघुरूप येते, जुन्या रिवाजाप्रमाणे ही नावे तांबड्या शाईने लिहितात, जशी पोथीत अध्यायसमाप्ती लिहीत. वंशावळ सांगते की हा कोणापासून आला. बिरुद सांगते की याने काय केले. विक्रेत्याच्या बोलण्यात मात्र पहिल्याचे वजन दुसऱ्याला आणि दुसऱ्याचे पहिल्याला दिले जाते. ‘चॅम्पियन ब्लडलाइन’ हा शब्दप्रयोग त्यातलाच. पाच पिढ्यांच्या कागदावर 62 पूर्वज असतात. त्यांतला एक खापरपणजोबा चॅम्पियन असला तर त्याचा वाटा सरासरीने सोळावा हिस्सा.

बिरुदही सारखे नसते. ब्रिटिश पद्धतीत चॅम्पियन होण्यासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटे लागतात, आणि त्यांतील एक तरी कुत्रे वर्षाचे झाल्यावर मिळालेले असावे लागते. म्हणजे एका परीक्षकाच्या लहरीवर किंवा बालपणीच्या गोंडसपणावर बिरुद मिळू नये, असा विचार नियमात आहे. ‘बेस्ट ऑफ ब्रीड’ ऐकायला भारदस्त. पण त्या दिवशी रिंगणात त्या जातीचे एकच कुत्रे असेल, तरी ते मिळू शकते. म्हणून कितीजणांत पहिला आला हा प्रश्न, जो आपण शाळकरी मुलाला न चुकता विचारतो, तो येथेही विचारायला हरकत नसावी. शिवाय ही सारी बिरुदे मुख्यत्वे रूपाची आणि चालीची. खुब्याचे सांधे, डोळे, हृदय यांच्या तपासणीचे कागद वेगळे असतात, आणि ते तांबड्या शाईत नसतात.

सर्वांत सूचक खूण मात्र पुनरुक्तीची. कागदाच्या बापाकडच्या आणि आईकडच्या अशा दोन्ही बाजूंस एकच नाव पुनःपुन्हा आले, की जवळच्या नात्यात संबंध घडविले आहेत असे समजावे. विक्रेते त्याला ‘लाइन ब्रीडिंग’ म्हणतात आणि त्यात शुद्धता पाहतात. स्यूअल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1922 मध्ये हे प्रमाण मोजण्याचे गणित दिले. हे प्रमाण वाढते तसे सुप्त दोष जोडीने एकत्र येण्याची शक्यता वाढते. सगोत्र विवाहाला बिचकणारा समाज कुत्र्याच्या बाबतीत तीच गोष्ट अधिक दाम देऊन विकत घेतो, हे नवलच.

मुधोळ-जत पट्ट्यातील अनेक पिल्लांना आजही असा कागद नसतो. पाळणारा आईचे नाव, बापाचा मालक आणि गेल्या हंगामातली धाव तोंडी सांगतो. ही परंपरा कागदापेक्षा कमी विश्वसनीय आहे असे मला वाटत नाही. फक्त ती तपासायची रीत निराळी. आई दाखवा म्हणावे, बापाच्या वाड्यावर जावे, आधीच्या वेताची कुत्री कोणाकडे आहेत ते विचारून त्यांना पळताना पाहावे. सारंगखेड्याचा जाणता गिऱ्हाईक हेच करतो. घोड्याच्या आजोबाची कथा तो शांतपणे ऐकून घेतो आणि मग लगाम धरून घोडा चालवून पाहतो.