तापीच्या वाटेवरचा मुक्काम

मोगल काळात सुरतेहून आग्र्याला जाणारी एक मोठी वाट तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरला येई आणि पुढे असीरगडाच्या पायथ्याने सातपुडा ओलांडून नर्मदेकडे उतरे. आजचे नेपानगर याच पट्ट्यात, बऱ्हाणपूर आणि खांडव्याच्या दरम्यान आहे. परगावच्या माणसाला रात्रीपुरते छप्पर आणि पोटाला काहीतरी पुरवणे हा इथला जुना व्यवहार. तो आधी सरकारने केला, मग धर्मसंस्थांनी, मग रेल्वेने आणि कारखान्याने. घरमालकाने पैसे घेऊन पाहुणा ठेवणे ही सर्वांत अलीकडची गोष्ट आहे.

या व्यवहाराचे वेळापत्रक दीर्घकाळ पावसाच्या हाती होते. १५८४ च्या सुमारास राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी बऱ्हाणपुरात आला. मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे आणि भरपूर सुती कापड एवढे त्याने नोंदवले. शिवाय जून ते सप्टेंबर रस्त्यांत इतके पाणी साचते की घोड्याशिवाय फिरता येत नाही, हेही लिहिले. शहरातच ही गत, मग उघड्या वाटेची कल्पना करावी. काळ्या मातीत गाड्या रुतत, तापी उतारावाचून राही. व्यापारी तांडे पाऊस ओसरल्यावरच निघत. लष्करांचेही तेच होते. मराठ्यांच्या स्वाऱ्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्याआधी परतत. संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरची पेठ बहादूरपुरा लुटली ती १६८१ च्या जानेवारीअखेर, म्हणजे वाटा कोरड्या असताना. तेव्हा पेठ मालाने आणि माणसांनी भरलेली असे.

सरायांचा धंदाही कोरड्या आठ महिन्यांचा. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १४ नोव्हेंबर १६१५ रोजी बऱ्हाणपूरला पोहोचला, तो हंगाम उत्तम होता. मुक्काम मात्र त्याला मुळीच पसंत पडला नाही. शहर कोतवालाने त्याला सराईत नेले. तिथे भिंतीत बसवलेल्या विटांच्या चार खोल्या मिळाल्या. वरून गोलाकार आणि भट्टीएवढ्याच मोठ्या, असे त्याने लिहून ठेवले. शहरात याहून चांगली जागा नाही, असे कोतवालाचे म्हणणे. रो रागावला आणि आपल्या तंबूत झोपला. गंमत अशी की त्या वेळी हे शहर दख्खनच्या सुभ्याची राजधानी होते आणि शाहजादा परवेझ इथेच दरबार भरवत होता. राजवाडा आणि काही सरदारांचे वाडे वगळता बाकी बहुतेक मातीचेच, असा रोचा शेरा आहे. भव्य राजवाड्याभोवती साधी घरे, हे चित्र त्या काळच्या बऱ्याच शहरांना लागू पडते.

रोच्या मुक्कामानंतर तीनेक वर्षांत, १६१८ च्या सुमारास, जहांगीरच्या कारकिर्दीत अकबरी सराई उभी राहिली. बऱ्हाणपूरचा कारभार तेव्हा अब्दुर रहीम खानखानाकडे होता. उंच दरवाजा, आत मोठे अंगण आणि अंगणाभोवती कोठड्यांच्या रांगा, अशी ही दगडी इमारत आजही शहरात आहे. याच सुमारास सातपुड्याच्या पायथ्यापासून जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरात पाणी आणणारी व्यवस्थाही झाली. कुंडी किंवा खुनी भंडारा या नावाने ती ओळखली जाते. जनावरांसह येणाऱ्या शेकडो माणसांना मुक्काम द्यायचा तर पाणी आधी हवे, विशेषतः चैत्र-वैशाखात, जेव्हा तापी आटलेली आणि ऊन चाळिशीच्या वर असते.

सराई चालायची कशी, हे त्या काळच्या प्रवाशांनी सांगितले आहे. पीटर मंडीच्या नोंदीत सराईत राहणाऱ्या बाया भेटतात. त्या खोल्या स्वच्छ ठेवत, प्रवाशाला खाट देत, नोकरांचे जेवण रांधत आणि सकाळी पैसा-दोन पैसे घेत. आजच्या घरगुती मुक्कामाशी सर्वांत जवळचे असे हेच काम. निकोलाव मनुची लिहितो की सराईचा दरवाजा रात्री बंद होई. पहाटे पहारेकरी सर्वांना आपापले सामान तपासायला सांगे, आणि काही हरवले तर सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. पण पावसाने दगा दिला की ही घडी विस्कटे. १६३० ते १६३२ चा गुजरात-दख्खनचा दुष्काळ मंडीने वाटेवर पाहिला. शाहजहानचा तळ त्याच काळात बऱ्हाणपुरात होता. मुमताज महलचा मृत्यूही इथलाच, १६३१ चा.

मोगल सत्ता खचली तशा सरकारी सरायांचे महत्त्व घटले आणि धर्मस्थानांचे वाढले. शहरात गुरू गोविंदसिंगांच्या १७०८ च्या मुक्कामाशी जोडलेली बडी संगत आहे. दाऊदी बोहऱ्यांची दर्गा-ए-हकीमी हे त्याहून मोठे केंद्र. देशोदेशीचे बोहरे येतात आणि समाजाच्या निवासांत उतरतात. इथला उरूस शव्वाल महिन्यात येतो. चांद्र पंचांगामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गर्दीचा हंगाम कधी उन्हाळ्यात तर कधी भर पावसात येतो. शेतीच्या आणि पावसाच्या वेळापत्रकाला न जुमानणारा मुक्काम इथे प्रथम असा रुजला.

रेल्वेने उरलेली कसर भरून काढली. १८७० मध्ये मुंबईकडची आणि अलाहाबादकडची लाइन जबलपूरला जोडली गेली आणि पावसाळ्यातला प्रवास शक्य झाला. स्टेशन मात्र शहराबाहेर, लालबागला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रदक्षिणेच्या कादंबरीत नायकाचा नोकर पासपार्तू बऱ्हाणपूरला गाडी थांबताच चपला विकत घेऊन पुढे जातो. रात्रभर थांबायचे कारण उरले नव्हते. साहेबांसाठी डाक बंगले, इतरांसाठी धर्मशाळा, अशी विभागणी देशभर होती तशी इथेही झाली.

नेपानगर या गावाचा जन्म कागदाच्या कारखान्यातून झाला. कंपनी २५ जानेवारी १९४७ रोजी नोंदली गेली, १९५५ मध्ये वृत्तपत्राच्या कागदाचे उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी गिरणी राष्ट्राला अर्पण केली. वृत्तपत्री कागदाची देशातली ही पहिली गिरणी. सातपुड्यातले सालई आणि बांबू हा तिचा सुरुवातीचा कच्चा माल, म्हणून जागा जंगलालगत आणि रुळालगत निवडली गेली. अशा गावात घर, शाळा, दवाखाना कंपनीचा. आलेला अभियंता किंवा अधिकारीही कंपनीचाच पाहुणा. खाणावळ आणि लॉज यांना वाव थोडा. त्यामुळे गिरणी बंद पडली की पाहुणाही येईनासा होई. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी बंद पडलेले उत्पादन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

घरगुती मुक्कामाला सरकारी मान्यता आली ती अगदी अलीकडे. शेजारच्या महाराष्ट्रात पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना कोकणकिनारी विशेष रुजली. केंद्र सरकारच्या योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायचे, पाहुण्यांसाठी १ ते ६ खोल्या आणि जास्तीत जास्त १२ खाटा, असे बंधन आहे. दर्जा सुवर्ण किंवा रौप्य. तापीच्या खोऱ्यात अशा घराचा हंगाम जुन्या सराईपेक्षा बराच वेगळा असू शकतो. हिरवा सातपुडा पाहायचा तर आषाढ-श्रावणातच यावे लागते, असीरगड चढायला थंडी बरी, आणि मे महिन्यात कूलर लावूनही शहरी पाहुणा टिकत नाही. न्याहारीला बऱ्हाणपूरची मावा जिलेबी आणि दराबा मात्र बारा महिने मिळतात.