करवतीचे दात काय सांगतात?

आज आपल्याच भागातल्या एका नक्षीविषयी बोलू. नागभीड, आरमोरीकडे टसरची करवत काठी साडी विणतात. तिच्या काठाला करवतीसारखे दात असतात. हे दात आले कुठून?

टसरचं काम आपल्याकडे जुनं आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी सगळा चांदा जिल्हाच होता, आणि इंग्रजांच्या काळातल्या चांद्याच्या नोंदींत टसरचा उल्लेख सापडतो.

जुनी माणसं सांगतात, रामटेकच्या देवळांची शिखरं पाहून विणकरांनी ती काठावर उतरवली. ओडिशात अशाच दातेरी काठाला कुंभ म्हणतात. आकार सारखाच, पण ज्यानं त्यानं आपल्या ओळखीचं नाव दिलं. आपण जंगलातली माणसं, आपल्याला त्यात करवत दिसली.

आणखी एक अर्थ मागावर बसल्यावर कळतो. साडीचं अंग टसरचं आणि काठ सुती. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसं अळ्या राखतात, पाखरांपासून वाचवतात. बाया कोसे उकळून धागा काढतात. मग विणकर तीन धोटे चालवतो, एक अंगाचा आणि दोन काठांचे. अंगाचा आणि काठाचा आडवा धागा जिथं भेटतात, तिथं ते एकमेकांत अडकवावे लागतात. ही जागा थोडी थोडी पुढं सरकवत नेली आणि परत मागं आणली, की एक दात तयार होतो. म्हणजे दात हा दोन धाग्यांचा सांधा आहे. नाव कापणाऱ्या हत्याराचं, काम मात्र जोडण्याचं!

करवत काठीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी बाजारात दात छापलेल्या स्वस्त साड्या येतात. त्यांच्या किमतीत अळ्या राखणाऱ्याची, कोसे उकळणाऱ्या बाईची आणि विणकराची मजुरी नसते. त्या जास्त खपल्या तर आपल्या गावातलं काम बंद पडतं.

म्हणून साडी घेताना काठ उलटून बघा. छापलेले दात मागून फिके दिसतात. विणलेले दात दोन्हीकडून तसेच दिसतात, आणि नीट पाहिलं तर अडकवलेले धागेही दिसतात. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला घरातली जुनी साडी घेऊन या आणि सगळ्या मिळून हे तपासा. म्हाताऱ्या बायांना काठांची जुनी नावंही विचारा आणि वहीत लिहून ठेवा.